गायक तोच, साथ बदलली: बँड आणि सोलो यांची तुलना कशी करावी

ही तुलना बहुतेकदा पहिल्याच पायरीला फसते. एका बाजूला बँडची निवडक वीस गाणी घेतली जातात आणि दुसऱ्या बाजूला गायकाचा एक अख्खा सोलो अल्बम. निवडक संग्रहातून पडेल गाणी आधीच गाळलेली असतात, त्यामुळे बँड जिंकणारच. म्हणून अख्ख्या अल्बमसमोर अख्खा अल्बमच ठेवा. बँडचे शेवटचे दोन आणि गायकाचे पहिले दोन एवढे पुरे. द पोलीस या बँडचा गायक स्टिंग याचं उदाहरण घेतलं तर बँडचे ‘घोस्ट इन द मशीन’ (१९८१) आणि ‘सिंक्रोनिसिटी’ (१९८३) एकीकडे, तर ‘द ड्रीम ऑफ द ब्लू टर्टल्स’ (१९८५) आणि ‘नथिंग लाइक द सन’ (१९८७) दुसरीकडे. ही चार-सहा वर्षांची खिडकी मुद्दाम अरुंद ठेवायची. गळ्याचं वय, स्टुडिओची यंत्रं, ऐकणाऱ्यांची आवड यांत त्या काळात फार फरक पडत नाही. पंचविशीतला गळा आणि पन्नाशीतला गळा समोरासमोर ठेवले तर तुलना वयाची होते, बँडची नाही.

पुढे जाण्याआधी हेही ठरवा की जे ऐकताय ते खरोखर सोलो आहे का. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या गोमंतकीय वाचकाला हा मुद्दा पटकन कळेल. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली ती गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह, आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मंगेशीचे दीनानाथही किर्लोस्करमधून निघाले ते चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांना घेऊन, आणि १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी सुरू झाली. कंपनी सुटली, पण गायक एकटा पडला नाही. नवी मंडळी जमली. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचंही तसंच. १९७० चा ‘मॅकार्टनी’ हा अल्बम खरा सोलो, कारण जवळजवळ सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवली. १९७१ मध्ये सुरू झालेला विंग्ज हा मात्र दुसरा बँड. या दोहोंना वहीत एकाच रकान्यात घातलंत की पुढचं सगळं विस्कटतं.

वहीचे पाच रकाने

प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ आणि पाच रकाने आखा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, साथ कोणाची, ध्वनिमुद्रण आणि निर्मिती कोणाची, आणि शेवटी आवाजाबद्दल तुमचं निरीक्षण. आवाजाचा रकाना सर्वांत शेवटी भरायचा. नियम एकच: दोन गाण्यांत एकच रकाना बदलला असेल तर फरकाचं कारण त्या रकान्यात आहे. चार रकाने बदलले असतील तर फरक ऐकू येईल, पण तो कशामुळे आला हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पहिले चार रकाने अल्बमच्या वेष्टनावरून भरता येतात, पण छापलेल्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बीटल्सची कितीतरी गाणी जॉन लेनन किंवा मॅकार्टनी यांपैकी एकानेच लिहिली, तरी नाव जोडीचंच लागलं. ‘गिव्ह पीस अ चान्स’ हे १९६९ चं गाणं तर लेननच्या प्लास्टिक ओनो बँडच्या नावाने निघालं, आणि सुरुवातीला त्यावरही लेनन-मॅकार्टनी असंच छापलं होतं. उलट ‘येस्टरडे’ (१९६५) बीटल्सच्या अल्बमवर आहे, पण त्यात फक्त मॅकार्टनी आणि चार तंतुवाद्यं आहेत, बँडमधलं दुसरं कोणीच नाही. क्वीन या बँडने १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून गाण्यांवर एकेकाचं नाव न देता ‘क्वीन’ एवढंच छापायला सुरुवात केली. अशा ठिकाणी चालीचा रकाना कोरा सोडा. अंदाजाने भरलेला रकाना पुढे खरा वाटू लागतो.

गाणं कधी बाहेर आलं यापेक्षा ते कधी तयार झालं हेही बघा. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ नोव्हेंबर १९७० मध्ये आला, तीन तबकड्यांचा. बँड सुटताच त्याची प्रतिभा अचानक फुलली असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण शीर्षकगीताचा सराव बीटल्सने जानेवारी १९६९ मध्येच केला होता. गाणी साठत गेली होती, बँडमध्ये त्यांना जागा नव्हती. हा फरक निवडीचा आहे, कुवतीचा नाही.

एकच गाणं, दोन घरं

सगळ्यांत भरवशाचा पुरावा म्हणजे एकाच गायकाने बँडमध्ये आणि बाहेर मुद्रित केलेलं एकच गाणं. अशा जोड्या थोड्या असतात. त्या सापडल्या की तिथे भरपूर वेळ द्या.

फ्रेडी मर्क्युरीची जोडी तर जवळजवळ प्रयोगशाळेत बनवावी तशी आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या, क्वीनच्या या गायकाचा सोलो अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ एप्रिल १९८५ मध्ये आला. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्याचं निधन झालं. क्वीनच्या उरलेल्या तिघांनी १९९५ च्या ‘मेड इन हेवन’साठी त्यातली ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ आणि ‘मेड इन हेवन’ ही गाणी घेतली, त्याचं मूळ गायन ठेवलं आणि खालची साथ नव्याने वाजवली. शब्द तेच, चाल तीच, गायन तेच. साथ आणि मुद्रण हे दोनच रकाने बदलले.

ऐकताना ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ची पहिली ४० सेकंदं घ्या, दोन्ही रूपांतली. १९८५ मध्ये सिंथसायझर आणि नाचाचा सरळ ठेका आहे, आवाज त्यावर तरंगतो. १९९५ मध्ये ब्रायन मेची गिटार आणि रॉजर टेलरचे ड्रम्स येतात आणि तोच आवाज अधिक त्वेषाने गातोय असं वाटतं. गळा एका कणानेही बदललेला नसतो. हे एकदा कानाला पटलं की ‘बँडमध्ये तो जास्त जीव ओतून गायचा’ यासारखी विधानं करताना आपण आपोआप थबकतो. एक खाचखळगा मात्र सांभाळा: ‘मिस्टर बॅड गाय’चं नवं मिक्स (त्याच मुद्रणांचं नव्याने केलेलं मिश्रण) २०१९ मध्ये निघालं आहे. जुळवणीसाठी १९८५ चं मूळ मिक्स हवं, नाहीतर मुद्रणाच्या रकान्यात आणखी एक बदल घुसतो.

दुसरी जोडी स्टिंगची. ‘शॅडोज इन द रेन’ द पोलीसच्या १९८० च्या अल्बमवर आहे. संथ, गुंगी आणणारं, अँडी समर्सच्या गिटारच्या घुमणाऱ्या प्रतिध्वनींनी भरलेलं. हेच गाणं १९८५ मध्ये स्टिंगने जॅझ वादकांबरोबर पुन्हा केलं, ते धावतं. सुरुवातीच्या गलक्यात सॅक्सोफोनवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस गाण्याची पट्टी कोणती म्हणून विचारताना ऐकू येतो. इथे लय, साथ आणि गाण्याची पद्धत तिन्ही बदलली आहेत, म्हणून ही जोडी फ्रेडीच्या जोडीइतकी नितळ नाही. पण तिच्यातून एक वेगळी गोष्ट कळते. पोलीसमध्ये बेस स्टिंग स्वतः वाजवायचा. १९८५ च्या अल्बमवर बहुतेक ठिकाणी बेस डॅरिल जोन्सकडे आहे आणि स्टिंगच्या हातात गिटार. ठेक्याचा भार दुसऱ्याने उचलला की गायकाचं शब्द टाकणं सैल होतं का, मात्रेच्या किंचित मागे किंवा पुढे जातं का, ते बोटांनी ताल धरून तपासा. हेच पोलीस त्रिकूट मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेलं होतं. तरी मंचावरचं गायन या तुलनेत मिसळू नका. स्टुडिओसमोर स्टुडिओच हवा, कारण मंचावर पट्टी उतरवतात, लय चढते आणि गर्दीचा आवाज मिसळतो.

ऐकण्याची बैठक

आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय सुरुवात करू नका. दोन मुद्रणांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं भरदार वाटतं, आणि आपण त्याचं श्रेय गायकाला देतो. नवी रीमास्टर केलेली (जुन्या मुद्रणाचा ध्वनी नव्याने घडवलेली) प्रत साधारणपणे जुन्या सीडीपेक्षा मोठी वाजते. ॲपमधलं नॉर्मलायझेशन किंवा साउंड चेक, म्हणजे सगळ्या गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय, चालू करा. सीडी किंवा फाइल असेल तर फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने दोन्हींचा तोच तुकडा मोजा आणि फरक एका डेसिबलच्या आत आणा. फोन दोन्ही वेळा एकाच जागी ठेवायचा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात कौलांवरचा पाऊस आणि डोक्यावरचा पंखा मिळून हलके आवाज खाऊन टाकतात. बेस आणि श्वासाचे आवाज आधी बुडतात. पावसाळ्यात कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरा, स्पीकरची बैठक हिवाळ्यासाठी ठेवा.

तुकडे ३० ते ४५ सेकंदांचे घ्या. पाच मिनिटांचं अख्खं गाणं ऐकून दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिल्याचा बारकावा कानातून गेलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट ऐका: पहिल्या फेरीत फक्त श्वास कुठे घेतला, दुसऱ्या फेरीत फक्त ठेक्याशी नातं, तिसरीत फक्त मागचे आवाज. क्वीनच्या कोरसमध्ये मे आणि टेलर यांचे गळे आहेत. ते सोलोत नसतात आणि ती पोकळी तुम्हाला ‘गायक थकला’ अशी भासू शकते. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवा आणि कोणतं रूप आहे हे न कळता लिहा. ४० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. त्यानंतर कान फक्त आवडनिवड सांगतात.

कान तयार करायला गणेश चवथीची घुमट आरती उत्तम. एकच आरती घुमट, शामेळ आणि कासाळ्यांबरोबर, म्हणजे गोव्यातल्या पारंपरिक तालवाद्यांबरोबर, ऐका, मग तीच पेटी-तबल्यावर. तोच गाणारा घुमटाबरोबर शब्द तोडून, नेटाने टाकतो आणि पेटीबरोबर स्वर लांबवतो. बँड आणि सोलो यांतला फरक ऐकायला लागतो तो हाच कान.

जुन्या कॅसेटवरून तुलना करत असाल तर आधी वेग तपासा. पट्टा ३ टक्के जलद फिरला तर सूर सुमारे पाव स्वराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांच्या निम्म्या अंतराने, वर जातो आणि गायक तरुण भासतो. त्याच गाण्याच्या डिजिटल प्रतीशी ट्यूनर ॲपवर एक लांब स्वर जुळवून बघा. इथल्या दमट हवेत पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते.

जिथे तुलना लागू होत नाही

आपल्याकडची मोठी गफलत सिनेमाची. मोहित चौहान सिल्क रूट या बँडमध्ये होता. १९९८ च्या ‘बूंदें’ अल्बमचं ‘डूबा डूबा’ तिथलं. २०११ च्या ‘रॉकस्टार’मधली त्याची गाणी मात्र ए. आर. रहमानची आहेत: चाल त्यांची, वाद्यमेळ त्यांचा. गायकाने ती अप्रतिम गायली, तरी तो त्याचा सोलो मार्ग नव्हे, पार्श्वगायन आहे. त्यासाठी वेगळं पान करा.

रेमो फर्नांडिसकडे याउलट नजरेने पाहा. शाळेत असताना आणि पुढे मुंबईत तो बँडमध्ये वाजवायचा, पण नाव झालं ते १९८४ च्या ‘गोअन क्रेझी’पासून. तो त्याने शिवोलीच्या घरीच मुद्रित केला, वाद्यंही स्वतः वाजवली. इथे साथ आणि आवाज एकाच माणसाचे असल्यामुळे ते दोन रकाने वेगळे करताच येत नाहीत. तुलना करायचीच तर त्याच्याच नंतरच्या, इतर वादक असलेल्या मुद्रणांशी करा.

खपाच्या आकड्यांत फार वेळ घालवू नका. अमेरिकी प्रमाणपत्रांत मोठा दुहेरी अल्बम दोनदा मोजला जातो, आणि मे १९९१ पूर्वीच्या बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या अल्बम-याद्या दुकानदारांच्या सांगण्यावर बनत.

शेवटी निरीक्षण लिहिताना रकाना आणि सेकंद दोन्ही द्या. ‘सोलोत तो फिका पडला’ असं न लिहिता ‘पहिल्या ४० सेकंदांत गायन तेच आहे, गिटार आल्यामुळे आवाज पुढे आल्यासारखा वाटतो’ असं लिहा. पंधरा दिवसांनी तेच तुकडे पुन्हा ऐका, आणि मत बदललं असेल तर जुनी ओळ न खोडता तारखेसह खाली नवी लिहा.