युरालिक भाषांचे मूळ शब्द शोधताय? या चुका टाळा

हंगेरियन आणि फिनिश या एकाच, युरालिक कुळातल्या भाषा; जर्मन त्यात नाही. हंगेरियनमध्ये घराला 'हाझ' म्हणतात. शेजारी जर्मन 'हाउस' ठेवलं की नातं जुळल्यासारखं वाटतं, आणि नवखे इथेच फसतात. 'हाझ'चा खरा भाऊबंद आहे फिनिश 'कोता', म्हणजे खोपटं. दिसायला साम्य नाही, पण आणखी जोड्या मांडा: मासा 'काला' आणि 'हॉल', तीन 'कोल्मे' आणि 'हारोम'. फिनिशमध्ये सुरुवातीला क, तिथे हंगेरियनमध्ये ह. असा नियम सापडला तरच पुरावा. नुसतं सारखं ऐकू येणं योगायोगानेही घडतं.

मग हाताला हंगेरियनमध्ये 'केझ' का? लगेच शब्द बाद करू नका, पुढचा स्वर बघा. आ, ओसारख्या स्वरांपुढे कचा ह झाला. ए, इपुढे क टिकला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फिनिश शब्दकोशातलं रूप जसंच्या तसं उचलल्याने. हात म्हणजे 'कॅसी', पण 'हाताचा' म्हणजे 'कॅदेन'. हा द कुठून आला? मुळात तिथे त होता. शेवटच्या इपुढे त्याचा स झाला, आणि व्यंजनाने संपणाऱ्या अक्षरात द. याच कुळातल्या उत्तर सामी भाषेतल्या 'गिएहता'त तो त अजून ऐकू येतो. हंगेरियनमध्ये दोन स्वरांमधल्या तचा झ झाला, म्हणून 'केझ'. तेव्हा मूळ रूप *कॅते असं काहीसं धरावं लागतं. आधीची चांदणी (*) विसरू नका: हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तर्काने बांधलेलं आहे. पाण्याचंही तेच: 'वेसी', 'वेदेन', 'वीझ'.

आता आपल्याला भुलवणारा सापळा. शंभराला फिनिशमध्ये 'साता', हंगेरियनमध्ये 'साझ'. आपलं 'शत' आठवलंच! नातं खरं आहे, पण उसनवारीचं. तेही संस्कृतातून नव्हे, त्याआधीच्या इंडो-इराणी बोलीतून. 'साझ'मध्येही तचा झ झालाय, म्हणजे उसनवारी त्या बदलाच्या आधीची. नियमात बसणारा शब्दही उसना असू शकतो तो असा.

फिनिश आणि सामी शेजारी आहेत, एकमेकींकडून भरपूर घेतात. दोघींत शब्द मिळाला म्हणून तो थेट आद्य-युरालिक, म्हणजे सगळ्या युरालिक भाषांच्या मूळ भाषेतला, ठरवू नका. याच कुळाची सायबेरियातली सामोयेद शाखा तपासा. फिनिश भाषाशास्त्रज्ञ युहा यानहुनेन यांनी 1981 च्या मांडणीत हाच कस लावला होता. 'साता'चं भावंड तिथे मिळत नाही. 'काला'चं मिळतं: त्या शाखेतल्या नेनेट्स भाषेत मासा म्हणजे 'हाल्या'.