ग्वाल्हेरात राहून फुटबॉलचं कोचिंग लायसन्स कसं मिळवावं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून मला हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. "मुलाला फुटबॉल शिकवायची फार हौस आहे, एलएनआयपीईला (इथल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेत) घालू का?" कधी विचारणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे असतात, बँकेत नोकरीला असतात आणि कोच त्यांना स्वतःलाच व्हायचं असतं. मी दोघांनाही एकच सांगते, आधी बारा मुलं गोळा करा. अ‍ॅडमिशनचं मग बघू.

मी नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकवते. शाळेत असताना हॉकी खेळले, कारण ग्वाल्हेर हॉकीचं गाव. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग इथल्या संस्थानी फौजेत होते. १९३२ आणि १९३६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यांच्या नावावर आहेत. सचिनने २०१० साली वनडेतलं द्विशतक ठोकलं ते त्यांच्याच नावाच्या स्टेडियमवर. अशा गावात फुटबॉल माझ्याकडे आला तो भाच्यामुळे. त्याला आणि त्याच्या मित्रांना सांभाळायला म्हणून ग्राउंडवर जायला लागले आणि तिथलीच झाले. हे सांगायचं कारण, डी लायसन्ससाठी, म्हणजे फुटबॉल कोचच्या पहिल्या लायसन्ससाठी, मोठ्या क्लबातून खेळलेलं असावं लागत नाही. वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि चेंडू पायाने नीट थांबवता, नीट देता यायला हवा. तेवढं येत नसेल तर घरामागची भिंत आहे. रोज वीस मिनिटं दोन्ही पायांनी भिंतीवर पास मारा, दोन महिन्यांत फरक दिसतो.

पहिली पायरी: बारा मुलं, दोन दिवस, एक वही

कोर्सला जाण्याआधी निदान तीन महिने एकाच गटाला आठवड्यातून दोनदा शिकवा. गल्लीतली मुलं चालतील, सोसायटीतली चालतील, ओळखीच्या शाळेत खेळाच्या सरांना मदतनीस म्हणून उभं राहिलात तर सगळ्यात उत्तम. गट तोच हवा. रोज नवी मुलं आली तर काल जे शिकवलं ते मुरलं की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि वही ठेवा. माझ्या पहिल्या वहीतलं एक पान अजून आठवतं. तारीख, "मुलं ११, चेंडू ४", खाली हाताने काढलेला चौकोन, "१० पावलं बाय १० पावलं, मध्ये एक पकडणारा, चौघं बाहेरून पास", आणि त्याखाली लाल पेनाने, "सहा मिनिटांत कंटाळले. चौकोन फार मोठा. धाकट्याला एकदाही चेंडू मिळाला नाही." या लाल ओळीनेच मला शिकवलं. दुसऱ्या दिवशी चौकोन सात पावलांचा केला, धाकट्याला मध्ये घेतलं आणि चेंडू हिसकावला की जागा बदलायची असा नियम लावला. वीस मिनिटं झाली तरी मुलं खेळ थांबवायला तयार नव्हती.

खेळ जमत नसला तर चार गोष्टी हलवून बघायच्या असतात: जागा, नियम, साहित्य आणि मुलांची संख्या. जागा लहान केली की चेंडूवर ताबा ठेवणं अवघड होतं, मोठी केली की धावणं वाढतं. कोर्समध्ये हे तक्त्यावर शिकवतात, पण ज्याने हे मैदानावर भोगलंय त्याला तो तक्ता पाहताक्षणी कळतो.

नवशिक्या कोचची सर्वांत मोठी चूक म्हणजे रांग. दहा मुलं एका रांगेत उभी, पुढचा एक जण मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून चेंडू नेतोय, बाकीचे नऊ एकमेकांना ढकलतायत. तासाभरात प्रत्येकाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला ते एकदा मोजा, तुम्ही पुन्हा रांग लावणार नाही. अकरा विरुद्ध अकरा खेळवण्यातही हेच होतं. लहान मुलांसाठी चार विरुद्ध चार, छोटे गोल, गोलकीपर नाही. यात लपायला जागाच नसते. सगळ्यांना चेंडू मिळतो, सगळ्यांना चुकता येतं.

दुसरी पायरी: कोणता कागद कशासाठी ते समजून घ्या

इथे ग्वाल्हेरकरांचा हमखास घोळ होतो, कारण एलएनआयपीई आपल्या दारात आहे. १८५७च्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने हे कॉलेज निघालं. तिथलं बीपीएड, एमपीएड हे शारीरिक शिक्षणाचं शिक्षण आहे, शाळा-कॉलेजात खेळाचा शिक्षक व्हायला उपयोगी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, कोचिंग डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स हा आणखी वेगळा रस्ता, सरकारी कोचच्या जागांसाठी लोक तो धरतात. दोन्ही आदराच्या वाटा आहेत. पण क्लबचा, अकादमीचा, लीगमधल्या टीमचा कोच म्हणून फुटबॉलवाले जो कागद विचारतात तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, म्हणजे एआयएफएफचा.

त्याची शिडी सरळ आहे. अगदी सुरुवातीला ई सर्टिफिकेटची छोटी ओळख, मग डी लायसन्स. पुढे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो, हे सगळे आशियाई महासंघाचे, म्हणजे एएफसीचे डिप्लोमा. हौशी कोचला डी हेच पहिलं खरं लायसन्स. नोकरी सोडावी लागत नाही, साधारण सहा दिवसांची रजा टाकावी लागते.

एक सावधगिरी कळकळीने सांगते, कारण यात माझे पैसे गेले आहेत. सुरुवातीला मी एका संस्थेचा तीन दिवसांचा "राष्ट्रीय कोच" कोर्स केला. सोनेरी शिक्का, लॅमिनेशन, गळ्यात मेडल, सगळं मिळालं. पुढे एका अकादमीत तो कागद दाखवला तर समोरच्यांनी शांतपणे परत दिला आणि विचारलं, "डी है क्या?" पैसे भरण्याआधी एवढंच बघा, की कोर्सची घोषणा एआयएफएफने किंवा आपल्या राज्य संघटनेने, म्हणजे मध्य प्रदेश फुटबॉल असोसिएशनने केली आहे ना. तिथे नाव नसेल तर तो कोर्स कितीही झगमगीत असो, तिकडे फिरकू नका.

तिसरी पायरी: नोंदणी आणि वाट पाहणं

एआयएफएफची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे, खेळाडू आणि कोच दोघांचीही तिथे होते. आधारकार्ड, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो आधीच स्कॅन करून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असू द्या. आपल्या मराठी नावांत मधलं वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आणि अर्ज तिथेच अडकतो. कोर्स ग्वाल्हेरातच भरेल असं धरून चालू नका, भोपाळ-इंदूरला किंवा दुसऱ्या राज्यात जायची तयारी ठेवा. फक्त महिलांसाठीचे डी कोर्सही भरवले गेले आहेत. मुलींनी आणि आयांनी त्यांच्यावर मुद्दाम लक्ष ठेवावं, मैदानावर आपली फार गरज आहे.

चौथी पायरी: कोर्सचे दिवस

सकाळी मैदान, दुपारी वर्ग, पुन्हा मैदान, रात्री दुसऱ्या दिवसाच्या सेशनचा कागद. आमच्या कोर्सला एकाच खोलीत निवृत्त फौजी होते, शाळेतले पीटी सर होते आणि कॉलेज संपवलेली पोरंही होती. बहुतेक शिकवणं हिंदी-इंग्रजीत मिसळून. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मी टिपणं मराठीत काढली आणि मैदानावर हिंदीत बोलले, त्यावरून मला कुणी अडवलं नाही. शब्द मात्र सगळ्यांचे तेच लागतात: फर्स्ट टच, सपोर्ट, प्रेसिंग, कव्हर, ट्रान्झिशन. ते आधीच ओळखीचे करून घ्या.

खरी कसोटी प्रात्यक्षिकाची. तुम्हाला विषय देतात, समजा "दबावाखाली पास", आणि सोबतच्याच कोचना खेळाडू समजून शिकवायला लावतात. माझी वेळ आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. मी पहिली पाच मिनिटं नुसती बोलतच राहिले. इन्स्ट्रक्टरनी बाजूने हळूच म्हटलं, "मॅडम, बॉल चलाइए." तेव्हापासून माझा नियम आहे: अर्ध्या मिनिटात काय करायचं ते सांगायचं, एकदा करून दाखवायचं आणि चेंडू सुरू करायचा. दुरुस्ती करायची तर खेळ "स्टॉप" म्हणून जागच्या जागी थांबवायचा, जो चुकला त्याला ओरडायचं नाही, विचारायचं, "तुला आणखी कुठे पास देता आला असता?" त्याने बोट दाखवलं की तीच चाल पुन्हा खेळवायची. थांबवणं, विचारणं, दाखवणं, पुन्हा खेळवणं, हे सगळं वीस-तीस सेकंदांत व्हायला हवं. याचीच घरी गटावर तालीम करा. पाठांतराने हे येत नाही.

कुठे उभं राहायचं हेही बघितलं जातं. मैदानाच्या मध्ये उभं राहिलात तर निम्मी मुलं पाठीमागे जातात. कडेला, थोडं तिरकं उभं राहायचं, म्हणजे सगळे नजरेत राहतात.

नियमांचा अभ्यास कोर्सच्या आधी पुरा करा. नियम सतराच आहेत, पण दरवर्षी १ जुलैपासून त्यांत बदल लागू होतात आणि जुन्या खेळाडूंची इथेच दांडी उडते. गोलकिक पेनल्टी एरियाच्या बाहेर जायलाच हवी ही अट २०१९ मध्ये गेली. २०२५ पासून गोलकीपरने आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे तर मुलंही विचारतात.

पाचवी पायरी: मुलांची काळजी

याला मी पाचवी म्हटलं, पण मान पहिलीचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि लू लागते. उन्हाळ्यात सेशन सकाळी सातच्या आत संपवा, दर पंधरा मिनिटांनी पाणी, सावली कुठे आहे ते आधी बघून ठेवा. मूल घामाने निथळत असताना अचानक गप्प झालं, पाय लटपटले, तर खेळ तिथेच थांबवा, सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग गार करा आणि दवाखाना गाठा. डोक्याला मार लागला तर मूल कितीही म्हणो "मैं ठीक हूँ", त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचं नाही. लहान मुलांना हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारायचा, सराव मी देतच नाही. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढलंय, अमेरिकेतही दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद आहे. आपण त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघायला नको.

रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचार कोर्स करून घ्या. वॉर्मअपसाठी फिफाचा ११ प्लस शिका. तो वीस मिनिटांचा आहे आणि चौदा वर्षांपुढच्यांसाठी आहे. सात ते तेरा वयासाठी त्याचाच मुलांचा वेगळा प्रकार आहे.

आणि जे बोलायला आपल्याकडे लोक कचरतात ते स्पष्ट बोलायला हवं. मुलासोबत एकटं बंद खोलीत थांबायचं नाही, व्यक्तिगत मेसेज पाठवायचे नाहीत, पालकांच्या ग्रुपवरच बोलायचं. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह ठेवा.

साहित्याचं थोडक्यात

साधारण आठ वर्षांखाली तीन नंबरचा चेंडू, बारापर्यंत चार नंबर, पुढे पाच नंबर. लहान्याला पाच नंबर दिला की तो पाय चुकीचा वळवायला शिकतो. वीस कोन, दोन रंगांची बिबं (टीम ओळखायला शर्टावर घालायच्या बंड्या), शिटी, पंप आणि पंक्चरचं सामान. पंक्चरचं मुद्दाम लिहितेय. पावसाळा सरला की आपल्या मैदानांवर सराटे वाळून पडतात, हिंदीत ज्यांना गोखरू म्हणतात. एका संध्याकाळी आमचे चारपैकी तीन चेंडू त्यांनी बसवले. तेव्हापासून सेशनच्या आधी मुलं आणि मी ओळीने चालत दहा मिनिटं सराटे वेचतो. पालक आधी नाराज होते, आता तेही वाकून वेचतात.

लायसन्स हाती आल्यावर

सी डिप्लोमाला लगेच जाता येत नाही, मध्ये शिकवल्याचा काळ जावा लागतो. तोवर वही चालू ठेवा, कोणत्या वयोगटाला किती सेशन दिली ते तारखेने लिहा आणि शाळेकडून किंवा क्लबकडून तसं पत्र वेळच्या वेळी घेत जा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर सही करणारे सर बदलून गेलेले असतात.