ऑप्शन फॉर्मवर मी स्वतःलाच लावलेला कट-ऑफ

नववीत वर्गशिक्षकांनी सगळ्यांसमोर मला ‘काठावरचा’ म्हटलं होतं. दहावीला ८१ टक्के पडले, तरी तो शब्द अंगाचा सुटला नाही. जत तालुक्यातलं मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजीतून फिजिक्स. पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं हेच असेल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मी फसलो ते पुढे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना.

सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, उत्तरं जुळवून पाहिली तर २०० पैकी ११२ भरत होते. लगेच भागाकार केला, ५६ टक्के. झालं, काठावरचाच. नंतर पर्सेंटाइल आलं ९४. म्हणजे परीक्षा दिलेल्या दर १०० जणांतले ९४ च्या आसपास माझ्या मागे. हे कळत होतं हो, पण कुणी विचारलं की तोंडातून ‘बरं पडलंय’ एवढंच निघायचं.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे हवी ती कॉलेजं आणि ब्रांच पसंतीच्या क्रमाने लिहायची यादी. ३०० पर्यंत पर्याय टाकता येत होते, मी टाकले नऊ. सगळ्यात वर गावाजवळचं एक खासगी कॉलेज, ‘इथं तरी घेतील’ म्हणून. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय ही नावाजलेली कॉलेजं सोडाच, सांगलीचं वालचंद कॉलेजसुद्धा लिहिलं नाही.

आता हे दोनदा वाचा. संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेकाला घेतो आणि त्याची यादी वरून खाली बघतो. जिथे जागा उरली नाही ते ओलांडतो, पुढचं बघतो. वर वालचंद लिहिलं आणि मिळालं नाही, तर खालच्या कॉलेजवरचा तुमचा नंबर तसूभरही मागे जात नाही. शून्य तोटा. तोटा उलट्या बाजूला आहे. पहिलाच पर्याय मिळाला की ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की, आणि जागावाटपाच्या पुढच्या राउंडमधून तुम्ही बाद. माझं तेच झालं. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला, घरी पेढे वाटले. नंतर कट-ऑफची, म्हणजे कुठली ब्रांच किती पर्सेंटाइलवर बंद झाली त्याची, पीडीएफ उघडली, तर माझ्या कॅटेगरीत वालचंदची एक ब्रांच माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर बंद झालेली. मी रांगेत उभाच राहिलो नव्हतो.

२०२५ पासून तर हा फास आणखी आवळलाय. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी फ्रीझ. म्हणून वरचे सहा भीतीने भरू नका. आणि तुमच्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचा.

पैसे घेऊन तयार यादी देणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांना ‘सेफ’ यादीच बरी, नंतर कुणी भांडायला येत नाही. टॉपर दादांचंही जपून ऐका, त्यांना कट-ऑफ बघायची वेळच आलेली नसते. मागच्या वर्षी तुमच्याइतकंच पर्सेंटाइल पडलेलं पोरगं गाठा. त्याने पीडीएफ रात्र रात्र चाळलेली असते.

आणि हो, चुकलंच तरी घाबरू नका. त्या खासगी कॉलेजात माझं वाईट झालं नाही. एम-टूमध्ये, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात, माझ्यापेक्षा जास्त पर्सेंटाइलवाले नापास होऊन केटी घेऊन बसले आणि माझा पेपर पहिल्या फटक्यात निघाला. तेव्हा कुठे मी लायब्ररीत पुढच्या टेबलावर बसायला लागलो.

या वर्षी मामेबहिणीचा फॉर्म आहे. तिने वहीत ४१ पर्याय उतरवले, वालचंद सातवं. का गं, म्हटलं. “तिथं सगळी हुशार पोरं असतात दादा.” तिचं पर्सेंटाइल ९६ आहे. अर्धा तास डोकं खाल्लं, तेव्हा तिने ते खोडून वर नेलं. पेन्सिलीनं. फॉर्म लॉक करायला अजून दोन दिवस आहेत, आणि खोडरबर तिच्याकडेच आहे.