गाडी दुरुस्त करायची की बदलायची: ठरवण्याआधीची तयारी

गाडी गॅरेजमध्ये वर उचललेली असते आणि मेकॅनिक फोनवर विचारतो, "मग काय, काढू का काम?" त्या घटकेला होही म्हणू नये आणि वैतागून "विकूनच टाकतो"ही म्हणू नये. दोन दिवस मागून घ्यावेत. त्या दोन दिवसांत काय काय करायचं, त्याची ही यादी.

आधी गेल्या दोन-तीन वर्षांची बिलं शोधा आणि त्यांचे दोन गठ्ठे करा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल हा खर्च नव्या गाडीलाही चुकत नाही, तो एका बाजूला. रेडिएटर गळला, वायरिंग जळलं, एसीचा कॉम्प्रेसर बसला, ही वयाची दुखणी दुसऱ्या बाजूला. निर्णयासाठी हा दुसराच गठ्ठा बघायचा. मी वर्षभर "गाडी खायला उठलीय" म्हणत होतो. गठ्ठे केले तेव्हा निम्म्याहून जास्त पैसे चार टायर आणि एका बॅटरीत गेलेले निघाले.

मग रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळपट-तपकिरी डाग असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, निर्धास्त राहा. इंजिन थंड असतानाच डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आणि कूलंटची पातळी बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलची, शंका घ्यावी. मात्र फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आतच थोडी साय धरली असेल तर घाबरू नका, थंडीत जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की ओल साठून तसं होतं. नंतर कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगून स्वतः मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाहीये. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असेल.

एवढं करूनही मी सगळ्यात जास्त वेळ गंजावर घालवीन. इंजिनाचं काम करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सांगाडाच कुजला की वर केलेला प्रत्येक खर्च पाण्यात. मॅट उचला, दारांखालच्या पट्ट्या बघा, शॉकअप जिथे बॉडीला बसतात त्या जागा बघा. रंगाला फोड आलेत तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाजाऐवजी भुसभुशीत आवाज आला तर पत्रा आतून गेलाय. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक एखाद्या पत्र्याच्या जागी चिकटलं नाही तर तिथे पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी. मुख्य सांगाडा असा निघाला तर पुढची यादी वाचायचीही गरज नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर मेकॅनिकने गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड लिहून घ्या. तक्रार कुठून येतेय एवढंच कोडवरून कळतं, कुठला पार्ट गेला ते कळतंच असं नाही. त्यामुळे "सेन्सर बदलून बघू" या वाक्याला लगेच मान डोलावू नका.

एस्टिमेट लेखी मागा, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहिलेली. त्यातच ताबडतोब करायचं काय, सहा महिने चालेल ते काय आणि नाही केलं तरी अडत नाही ते काय, अशा खुणा करून घ्या. गिअरबॉक्स उतरवलाच तर क्लच प्लेट त्याच मजुरीत होते का, हेही विचारा. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला ते कुणालाच आठवत नसेल तर तो खर्च आजच धरा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. असंच एस्टिमेट दुसऱ्या गॅरेजमधूनही घ्या, पण त्याला पहिल्याचा आकडा सांगू नका.

आता हिशोब. गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला की गाडी काढून टाकावी, हा नियम मला पटत नाही. जुन्या गाडीची किंमतच इतकी उतरलेली असते की साधं क्लचचं कामही निम्म्यावर जातं. तुलना पुढच्या दोन वर्षांची करा. एका बाजूला ही दुरुस्ती आणि तोंडावर आलेली कामं. दुसऱ्या बाजूला हप्ते, व्याज, वाढलेला विमा आणि नव्या गाडीची पहिल्याच वर्षात झपाट्याने उतरणारी किंमत. जुनीच दुसरी घेणार असाल तर तिची दुखणी तुम्हाला ठाऊक नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आपल्या गाडीला आहे त्या स्थितीत काय भाव येतो तेही विचारून ठेवा. विकण्यासाठी म्हणून मोठी दुरुस्ती केली तर ते पैसे सहसा वसूल होत नाहीत.

हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे. गाडीत एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही आणि घरची माणसं रात्री-अपरात्री हायवेने जातात, तर गाडी बदलायला तेवढं कारण पुरे.

दुरुस्तीच करायचं ठरलं तर पुढची मर्यादा आजच लिहून ठेवा: अमुक काम निघालं की गाडी काढून टाकायची. चिठ्ठी गाडीतच, समोरच्या कप्प्यात. माझ्या चिठ्ठीवर "गिअरबॉक्स" एवढंच लिहिलंय, आणि हल्ली सकाळी दुसरा गिअर जरा आढेवेढे घेतोय.