‘वाचलं’ आणि ‘वाचून टाकलं’

माझी नात न्यू जर्सीत वाढली. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आजी, तुझं पत्र वाचून टाकलं.” मला क्षणभर लागलं. तिला म्हणायचं होतं, अगदी शेवटपर्यंत वाचलं. त्याला ‘वाचून काढलं’ म्हणतात. ‘टाकलं’ म्हटलं की काम उरकल्यासारखं वाटतं.

तेव्हापासून मी तिला असं शिकवते. पहिलं क्रियापद तेच ठेवायचं, मागचं बदलायचं आणि मोठ्यानं म्हणून बघायचं. ‘वाचून ठेवलं’ म्हणजे पुढं उपयोगी पडेल म्हणून. ‘वाचून घेतलं’ म्हणजे स्वतःसाठी, वेळेआधी. ‘वाचून दाखवलं’ म्हणजे दुसऱ्यासाठी, मोठ्यानं.

खरी गंमत ‘बोलणे’मध्ये आहे. ‘बोलून गेले’ म्हणजे नकळत तोंडातून निघालं. ‘बोलून बसले’ म्हणजे आता निस्तरावं लागणार. ‘बोलून दाखवलं’ म्हणजे मनात होतं ते उघड केलं, कधी उपकारही मोजले. कुणी असं काही म्हणालं की विचारायचं: हे मुद्दाम झालं का? आणि आता मागं घेता येईल का?

पण एकच अर्थ पाठ करू नका. ‘टाक’ नेहमी कोरडं नसतं. “एवढीच पोळी उरलीय, खाऊन टाक गं,” यात माया आहे. “एकदाचं सांगून टाक,” यात मन हलकं करायला सांगणं आहे. त्यामुळे शब्द वहीत उतरवताना अख्खं वाक्य लिहा, आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही. नातीच्या वहीत आता अशी चाळीसेक वाक्यं आहेत.