मिलिंग मशीनची मोटर घुमते, पण फिरत नाही

थ्री-फेज मोटर नुसती घुमत असेल तर लगेच बंद करा. बहुधा एक फेज गेलेला असतो. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळते.

आधी आयसोलेटरच्या (मशीनची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचच्या) इनपुटवर एल१-एल२, एल२-एल३, एल१-एल३ असे तीन फेजच्या तारांमधले तिन्ही व्होल्टेज मोजा. ते जवळपास सारखे हवेत. मग फ्यूज, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच), ओव्हरलोड रिले (जादा करंट आला की मोटर बंद करणारा) या क्रमाने पुढे जा. मोटर जोडलेली असताना गेलेल्या फेजवरही वाइंडिंगमधून उलटे व्होल्टेज येते, मीटर फसवतो. म्हणून फ्यूज आणि कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांमध्येही मोजा. चालू कॉन्टॅक्टरच्या एका पोलवर (एका फेजच्या संपर्कावर) मोठे व्होल्टेज दिसले, तर तो संपर्क जळालाय. कानस मारू नका, बदला.

कॉन्टॅक्टर ओढतच (आत खेचला जाऊन जोडतच) नसेल तर कंट्रोल फ्यूज, इमर्जन्सी स्टॉप आणि रिलेचा ९५-९६ हा संपर्क (एरवी जोडलेला, रिले पडला की तुटणारा) तपासा. रिले वारंवार पडतो म्हणून सेटिंग नेमप्लेटच्या अँपिअरपुढे वाढवणे हा शुद्ध आडमुठेपणा. वायर हलवण्यापूर्वी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावा.