घर विकताना किंवा नव्यानं करताना इंटिरियर डिझायनरची मदत कशी घ्यावी

आई-बाबांचं कोथरूडमधलं घर विकायचं ठरलं, तेव्हा भावाचं आणि माझं वाजलं ते ओट्यावरून. इमारत १९८८ची, दुसरा मजला, पांढरी मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा. ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग करून घेतलं की किंमत वाढेल, असं भावाचं म्हणणं. एजंट म्हणाला, नुसता रंग काढा. शेवटी एका डिझायनर मॅडमना दोन तासांसाठी घर पाहायला बोलावलं आणि तेवढ्या भेटीची फी दिली. ओट्यावर त्यांनी एक नजर टाकली आणि त्या थेट बाथरूमच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. भिंतीवरच्या ओलीला हात लावून म्हणाल्या, "ताई, आधी हे. बघायला येणारा माणूस पहिला इथं हात लावेल."

त्याच्या तीन वर्षं आधी मी माझं राहतं घर नव्यानं करून घेतलं होतं. तिथंही डिझायनरची मदत होती, पण ते काम सात महिने चाललं आणि त्यात मी बऱ्याच चुका केल्या. दोन्ही वेळा जे कळलं, ते क्रमानं सांगते.

१. घर कुणासाठी करताय ते आधी ठरवा

विकायचं घर आणि राहायचं घर यांसाठी डिझायनरकडून दोन वेगळ्या गोष्टी घ्यायच्या असतात. राहायच्या घरात तुमची उंची, तुमचा स्वयंपाक, तुमची पुस्तकं, आजीचे गुडघे हे सगळं मोजून घ्यायचं असतं. विकायच्या घरात तुम्ही राहणार नसता. तिथं येणाऱ्या अनोळखी माणसाला घराचा आकार, उजेड आणि तब्येत नीट दिसली पाहिजे, एवढंच काम. नवे मालक पुष्कळदा ओटा, फरशी आपल्या पसंतीनं बदलतातच. म्हणून विकण्याआधी मॉड्युलर किचन बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पाच-सहा वर्षं राहू, मग विकू" असं असेल तर राहायचं घर समजूनच करा. फक्त भिंतीत ठोकून बसवलेलं फर्निचर कमी ठेवा.

२. कुणाला बोलवायचं

आर्किटेक्ट ही पदवी भारतात १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं सुरक्षित आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ती कुणी लावू शकत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी असा परवाना नाही. उत्तम शिकलेले डिझायनर भरपूर आहेत, पण कालपर्यंत पडदे विकणाराही उद्या तीच पाटी लावू शकतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची जुनी संस्था आहे. तिचं सदस्यत्व ही एक खूण झाली, हमी मात्र नव्हे.

खरी हमी त्यांनी केलेल्या घरात मिळते. फोटो पाहून ठरवू नका. किमान दोन पावसाळे काढलेलं एखादं घर दाखवा म्हणा. तिथं सिंकखालचं दार उघडा, आत वास येतो का, प्लाय फुगलाय का ते बघा. कपाटाची दारं खाली लोंबलीत का बघा. घरातल्या बाईंना विचारा, "काम संपल्यावर बोलावलं तर येतात का?"

भिंत पाडायची असेल तर मात्र डिझायनरच्या होकारावर थांबू नका. ती भार पेलणारी आहे का, आत कॉलम-बीम आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. जुन्या विटांच्या इमारतींत नऊ इंची भिंत बहुधा वरच्या मजल्यांचा भार वाहत असते.

३. पहिल्या भेटीआधीची तयारी

फार नाही, एक संध्याकाळ पुरते. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा. करारातला कार्पेट एरिया समोर ठेवा. ओल, तडे, उडणारा फ्यूज, न बसणारी खिडकी यांची यादी करा. खर्चाची वरची मर्यादा ठरवा आणि ती खरी सांगा. आकडा लपवला की डिझायनर अंदाजानं आराखडा काढतो आणि मग सगळ्यांचे दोन महिने वाया जातात.

स्वयंपाक जो करतो त्याचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. ओटा त्याहून चार ते सहा इंच खाली हवा. माझी उंची पाच फूट एक इंच. मी हे माप दिलं नाही आणि मिस्त्रीनं नेहमीच्या सवयीनं चौतीस इंचांचा ओटा बांधला. आजही पोळ्या लाटताना माझे खांदे दुखतात.

४. घर विकायचं असेल तर

इथं पूर्ण काम देऊ नका, भेटी विकत घ्या. बहुधा दोन पुरतात: एक सुरुवातीला, यादी करून देण्यासाठी, दुसरी फोटो काढायच्या दिवशी. पहिल्या भेटीत डिझायनरला एकच प्रश्न विचारा: "यातलं काय केलं नाही तर गिऱ्हाईक परत जाईल?"

आमच्या घरी त्या मॅडमनी दिलेली यादी छोटी होती. बाथरूमची गळती मुळापासून काढणे. सगळ्या भिंतींना एकच फिका रंग. मोझॅक बदलायचं नाही, फक्त मशीननं पॉलिश. हॉलमधली दोन जुनी कपाटं आणि आईचं शिलाई मशीन बाहेर. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या आणि दोऱ्यांवरचे कपडे काढणे. ट्यूबलाइटच्या जागी सगळीकडे एकाच रंगाचा उजेड. दोन दिवस पॉलिशचं मशीन फिरलं आणि तीस वर्षांची फरशी अशी उजळली की भाऊ फॉल्स सीलिंगचा विषय विसरला. (तसंही नऊ फुटी छताच्या घरात सहा इंच घालवण्यात काहीच शहाणपण नव्हतं.)

घर अगदी रिकामं करू नका. रिकामी खोली फोटोत लहान वाटते; पलंग असला की माणसाला माप कळतं. देव्हारा राहू दे, पण भिंतभर लावलेले घरच्यांचे फोटो उतरवा. मला ते फार जड गेलं. बाबांचा फोटो काढल्यावर भिंतीवर उरलेल्या चौकोनी डागाकडे बघवेना. तरी ते करावं लागतं, कारण येणाऱ्याला त्या जागी आपली माणसं दिसायला हवीत.

फोटोंची वेळ डिझायनरलाच ठरवू द्या. पूर्वेकडचा हॉल सकाळी आणि पश्चिमेची बेडरूम दुपारनंतर, असे दोन फेऱ्यांत काढावे लागतात.

एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली तरी करू नका: ओलीवर पुट्टी आणि रंग मारून ती झाकणं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. शिवाय पहिल्या पावसात तो रंग सोलतोच. तसंच, मोठं दिसावं म्हणून विकण्याआधी बाल्कनी आत घेऊ नका. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशाशी ताडून पाहतो आणि गिऱ्हाइकाचं कर्ज तिथंच अडतं.

५. राहतं घर करायचं असेल तर

सगळ्यात आधी नकाशे मागा. रंगीत थ्रीडी चित्रं बघायला सुंदर असतात, पण सुतार त्यावरून काम करत नाही. त्याला मापांची ड्रॉइंग लागतात: फर्निचरची मांडणी, विजेचे पॉइंट, नळ आणि ड्रेनेज, आणि प्रत्येक कपाटाचा समोरून व आतून नकाशा. ही ड्रॉइंग हातात आली की तीच तीन कंत्राटदारांना देऊन दर मागवता येतात. ती नसतील तर तिघांचे आकडे तीन वेगळ्या घरांचे असतात आणि तुलना होतच नाही.

विजेचं ड्रॉइंग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, चार्जर, इस्त्री, देव्हाऱ्यातला दिवा, एकेक आठवून बोट ठेवा. जुन्या इमारतींतली वायरिंग एसी आणि गीझर एकदम चालवण्यासाठी केलेली नसते. एसीला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लिहून घ्या. भिंत एकदा बंद झाली की हे परत होत नाही.

मग लाकूडकाम. इथंच सगळ्यात जास्त पैसा जातो आणि इथंच सगळ्यात जास्त फसगत होते. कपाटाचा दर समोरच्या चौरस फुटावर सांगतात. सात फूट उंच, सहा फूट रुंद म्हणजे बेचाळीस चौरस फूट. पण वरचा लॉफ्ट त्यात धरला का, आतले ड्रॉवर वेगळे का, पाठ किती मिलिमीटरची, आतून लॅमिनेट की नुसता रंग, हे विचारल्याशिवाय त्या दराला काही अर्थ नाही. प्लायचा प्रकार लिहून घ्या. भारतीय मानकांच्या (आयएस) क्रमांकांनुसार ओटा आणि सिंकखाली आयएस ७१० म्हणजे पाणी सोसणारा मरीन, बाकी कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ चालतो. "वॉटरप्रूफ प्लाय" या नुसत्या शब्दावर भरवसा ठेवू नका. माल घरी आल्यावर शिक्क्यावरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे कारखान्याचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. प्लाय कापायच्या आधी तपासा. माझ्या घरी एका कंत्राटदारानं दर्शनी भाग चांगल्या प्लायचा केला आणि आत भुसा दाबून केलेला बोर्ड वापरला. दुसऱ्या पावसाळ्यात तळ फुगला तेव्हा कळलं.

बाथरूम तोडत असाल तर टाइल लावण्याआधी पाणी कोंडून चाचणी घ्या. जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या काकूंकडे जाऊन छत बघायचं. मिस्त्री म्हणेल गरज नाही. तुम्ही आग्रह धरा.

६. फी आणि लेखी करार

फी चार तऱ्हांनी घेतात: दर भेटीला, ठरावीक रकमेत, चौरस फुटावर, किंवा कामाच्या खर्चाच्या टक्क्यांत. टक्क्यांच्या पद्धतीत खर्च वाढला की फीही वाढते, म्हणून मला ठरावीक रक्कम बरी वाटते. जीएसटी नोंदणी असलेल्या डिझायनरच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आत की बाहेर ते विचारा.

टाइल, प्लाय, दिव्यांच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. तोंडावर, शांतपणे विचारा. चांगले लोक सरळ सांगतात आणि ती सवलत तुमच्या बिलात धरतात.

करारात भेटी किती, ड्रॉइंग कोणती, बदल किती वेळा फुकट, आणि साइटवर रोज कोण असणार हे यावं. पैसे टप्प्यांत द्या. तारखेला बांधू नका, झालेल्या कामाला बांधा. शेवटचे पाच-दहा टक्के पहिला पाऊस होईपर्यंत मागे ठेवायचे, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. शेवटी म्हटलं तर भांडण होतं.

७. सोसायटी, पाऊस आणि कामाचा क्रम

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) घरात फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते. अर्जासोबत ड्रॉइंग जोडा. अनामत, लिफ्टचा वापर, दुपारी आवाज बंद ठेवायचे तास, राडारोडा कुठं ठेवायचा आणि कोण उचलणार, हे विचारून घ्या. वर-खाली आणि शेजारी स्वतः जाऊन तारखा सांगा. एवढ्यानं निम्म्या तक्रारी उठतच नाहीत.

तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, शेवटी रंग, असा क्रम असतो. रंग आणि पुट्टी जून ते सप्टेंबरात येणार नाहीत असं बघा, भिंती वाळत नाहीत. दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवणं सगळ्यात सोयीचं. दसऱ्याला वास्तुशांत हवी म्हणून ओल्या भिंतीला घाईनं रंग देऊ नका.

आठवड्यातून एकदा स्वतः टेप घेऊन जा. बदल तोंडी सांगू नका, कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट लिहा.

८. फाइल ठेवा

भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, टेप धरून, फोटो काढा. उद्या खिळा ठोकताना हेच कामी येतात. पक्की बिलं ठेवा. घर विकताना भांडवली नफा मोजताना सुधारणेचा खर्च वजा होतो: फरशी, नळ, वायरिंग, वॉटरप्रूफिंग यांसारखा कायमचा खर्च धरता येतो, पलंग आणि सोफा नाही. नुसती डागडुजी आणि रंग यांबद्दल तुमच्या सीएंना विचारा. बिल नसेल तर सांगणार काय, म्हणून रोखीत "बिल नको, स्वस्तात देतो" हे नाकारा.

कोथरूडच्या घरी आम्ही बाथरूम उकरलं तेव्हा उघड्या पाइपांचे, पाणी कोंडल्याचे आणि खालच्या घरातल्या कोरड्या छताचे फोटो काढून फाइलला लावले होते. घर बघायला आलेल्या जोडप्यातल्या बाईंनी खरोखरच त्या मागच्या भिंतीला हात लावला. मी फाइल पुढं केली. त्या ओट्यावर टेकून एकेक पान उलटत बसल्या आणि त्यांचे यजमान हॉलमध्ये, पॉलिश केलेल्या मोझॅकवर, पावलांनी खोली मोजू लागले.